मासे, म्हशी आणि बाबांचं आद्याक्षर

मी ते बटण न वाचता दाबलं.

बटणावर 'सगळे जोडा' असं लिहिलेलं होतं. मी दाबलं, लॅपटॉप तसाच उघडा ठेवला आणि कॅन्टीनमध्ये चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा मी माशांच्या कल्ल्यांतल्या कृमींचा अभ्यासक झालेलो होतो. शिवाय पुलांच्या काँक्रीटचा, कांदा साठवणुकीचा, दुभत्या म्हशींच्या आहाराचा, अवकाशातून येणाऱ्या कुठल्याशा कणांचा आणि मूत्रपिंडाच्या विकारांचा.

खरं म्हणजे मी डोंबिवलीतल्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. कॉलेजची तपासणी करायला कमिटी येणार होती आणि प्राचार्यांचं फर्मान होतं की प्रत्येक प्राध्यापकाने एका वेबसाइटवर आपलं पान उघडायचं. त्या साइटला नाव दिलं की ती तुमचे छापून आलेले शोधनिबंध गोळा करते आणि जगात किती जणांनी आपल्या लेखांत तुमचा उल्लेख केला ते मोजून आकडा लावते. या उल्लेखाला सायटेशन म्हणतात. पूर्वी विद्वान माणूस चष्म्यावरून ओळखू यायचा, हल्ली या आकड्यावरून.

माझे स्वतःचे निबंध हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि सगळे एकाच विषयावर : रंगाच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यातला रंग चिंचोक्याच्या कोळशाने कसा काढायचा. त्यांचा उल्लेख करणारे मुख्यतः दोघं, मी आणि माझे गाईड. तिसरा ब्राझीलमधला एक गृहस्थ होता. त्याने तो चुकून केला असावा असा माझा संशय आहे, म्हणून मी त्याचे आभार मानायला कधी गेलो नाही. उगाच विचारात पडून काढून टाकायचा.

साइटने विचारलं होतं, 'हे लेखही तुमचेच आहेत का?' खाली लांबलचक यादी. पहिले दोन मी वाचले, ते माझेच होते. स्वतःबद्दल चांगलं कानावर येत असताना पुढचं तपासण्याची सवय मला नाही. मी सगळे जोडले. आमचं आडनाव महाराष्ट्रात दर दोन गल्ल्यांमागे सापडतं, आणि निबंधांवर मी नावाचं नुसतं पहिलं अक्षर आणि आडनाव एवढंच लावत आलेलो. तेवढीच पाटी लावलेले माझ्यासारखे देशभर किती जण मान मोडून काम करतायत, हे मला त्या दिवशी कळलं. आणि ते माझ्यापेक्षा बरंच काम करत होते.

मी प्राचार्यांकडे धावलो. पण माझ्याआधी आकडा तिथे पोचला होता.

"सर, एवढं काम केलंत आणि कधी बोलला नाहीत!"

"सर, ते माझं नाहीये. चुकून जोडलं गेलंय. आत्ता काढतो."

त्यांचा चेहरा पडला. त्यांनी दार लोटून घेतलं. "काढा ना. पण कमिटी येऊन जाऊ दे. आत्ता काढलंत तर अख्ख्या डिपार्टमेंटचा आकडा खाली येईल. राहू दे हो चार महिने. कुणाचं काय जातंय?"

कुणाचं काय जातंय, हे मलाही तेव्हा पटलं.

स्टाफरूममध्ये फिजिक्सच्या बाई वाटच पाहत होत्या. "सर, आमची म्हैस आटलीय. जरा मार्गदर्शन कराल का?" बाई मानपाड्याला चौथ्या मजल्यावर राहतात. मी म्हटलं, "पेंड वाढवा." सगळे हसले, मीही हसलो. इथपर्यंत ती एक गंमत होती.

मग माझ्या बायकोने ते पान घरच्या ग्रुपवर टाकलं. तिला नंतर विचारलं तर म्हणाली, "मी काय वाचत बसले का? आकडा मोठा दिसला, तुझा फोटो दिसला. टाकलं." त्या ग्रुपवर माझे वडील होते.

बाबा ठाण्याला कोपरीत राहायचे. आई अजून तिथेच असते. कोपरीत राहून बाबांनी सगळी नोकरी केली ती मात्र मानपाड्याला, रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या कानांच्या पाळ्या कधी गुलाबी, कधी निळ्या असायच्या. त्यांचे कपडे आई वेगळ्या बादलीत भिजवायची, आणि तरीही माझ्या शाळेच्या बनियनवर वर्षानुवर्षं एक फिकट जांभळी झाक होती. मी पीएचडीला विषय घेतला तेव्हा बाबा म्हणाले होते, "मी जन्मभर पाण्यात रंग घातला. तू आता काढत बस."

त्यांच्या किडन्या निकामी होऊन दोन वर्षं होत आली होती. आठवड्यातून तीनदा कोपरीतच एका डायलिसिस सेंटरवर जायचे. प्रत्येक वेळी चार तास. दंडावर फुगलेली शीर, हात ठेवला की आत मोटार चालल्यासारखं जाणवायचं. सगळ्यात वाईट म्हणजे पाणी. दिवसभरात किती प्यायचं ते ठरलेलं, आणि ते आईने एका स्टीलच्या पेल्यावर ठरवून टाकलेलं. बाबा घोट तोंडात घोळवत बसायचे. एकदा मी त्यांना बेसिनपाशी नळ सोडून नुसतं बघत उभं असलेलं पाहिलं. मला पाहून म्हणाले, "प्रेशर बघतोय." मी म्हटलं, "बरं आहे का?" म्हणाले, "छान आहे."

तर त्यांचा फोन आला.

"अरे, तू किडनीवर लिहिलंस? आणि घरात पेशंट असून बोलला नाहीस?"

मी सांगायला तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ. पण दोन वर्षांत तो आवाज मी ऐकलेला नव्हता. कारखान्यात नवा रंग जमला की याच आवाजात ते दारातून आईला हाक मारायचे. मी म्हटलं, "तसं काही विशेष नाही हो, बाबा."

"विशेष कसं नाही? शेकडो लोकांनी तुझं नाव घेतलंय. मला आधीच वाटलेलं. पाणी गाळणारा माणूस रक्ताकडे वळणारच. शेवटी गाळणंच ना रे?"

आता यावर केमिस्ट्रीचा माणूस काय बोलणार? गाळणंच.

त्या दिवसापासून बाबा रोज सकाळी आंघोळ झाली की ते पान उघडायचे. इतर निवृत्त लोक शेअरचा भाव बघतात, तसा आकडा बघायचे. वाढला की फोन. "आज दोन वर गेलास." कोपरीतल्या बिल्डिंगच्या फाटकावर अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचं त्यांनी काढलं. आईने ते मोडून काढलं. "आधी गॅलरीची गळती बघा म्हणावं. फ्लेक्स भिजून लोंबेल." ती मला एवढंच म्हणाली, "किडनीवर कधी लिहिलंस रे तू? तुला तर लहानपणी रक्त बघून चक्कर यायची." मी फोनवर काहीतरी बघत असल्यासारखं केलं.

सेंटरवरही बाबांनी सगळ्यांना सांगितलं होतं. तिथला तरुण डॉक्टर मला 'सर' म्हणायला लागला. एक दिवस मी बाबांसोबत गेलेलो. मशीन लावून झालं होतं. ते डोळे मिटून पडले होते आणि मी बाजूच्या स्टुलावर पेपर तपासत बसलो होतो. डोळे न उघडताच ते म्हणाले,

"एक विचारायचंय. तू किडनीतला माणूस म्हणून सांग."

"विचारा ना."

"मला हे थांबवायचं होतं. गेल्या महिन्यातच ठरवलेलं. रात्री पायात गोळे येतात, ते मी सांगत नाही तुझ्या आईला. हे पाय नकोत, झोप हवीय, आणि पाणी हवंय. डॉक्टरला बोलणार होतो. मग तुझं ते आलं. म्हटलं, घरात माणूस असताना बाहेर कशाला विचारा. काय म्हणतोस? चालू ठेवायचं की पुरे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. नळीतून त्यांचं रक्त जात होतं आणि परत येत होतं. त्या किडनीच्या निबंधाचा सारांश मी आदल्या आठवड्यात वाचायचा प्रयत्न केलेला. तेवढाच फुकट होता, बाकीच्याला पैसे पडत होते. त्यातून मला समजलं ते एवढंच की प्रयोग उंदरांवर होता. आमच्या बाबांचा उंदरांशी संबंध कोपरीच्या जिन्याखाली आला तेवढाच.

मी वर्गातला आवाज काढला. फळ्याकडे पाठ करून काढतो तो.

"चालू ठेवायचं, बाबा. आत्तापर्यंतचं सगळं संशोधन तेच सांगतं."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली. माझे विद्यार्थी कधी हलवत नाहीत तशी, समजून घेऊन. मग म्हणाले, "मग ठीक. सहन करू."

त्यानंतरचे महिने कसे गेले ते मी नीट सांगू शकणार नाही. काही दिवस खरंच बरे होते. ते जेवायचे, आकडा बघायचे, मला चिडवायचे. "आज वाढला नाही. झोपलायस का?" काही दिवस असे होते की आई फोनवर नुसती "आज नको येऊस" म्हणायची, आणि मागून त्यांचं कण्हणं ऐकू यायचं. मशीनवर असताना ब्लडप्रेशर पडायचं, उलट्या व्हायच्या. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे, आणि मी गेलो की वळून म्हणायचे, "संशोधन काय म्हणतंय?" मी म्हणायचो, "चालू ठेवा म्हणतंय."

मग कमिटी आली. तीन जण होते. त्यातल्या ज्येष्ठ गृहस्थांनी माझं पान पडद्यावर लावून घेतलं आणि चष्मा पुसला.

"तुम्ही म्हशींवरही काम केलंय?"

प्राचार्य छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, "सहलेखक आहे, सर. माझं काम पाण्याच्या बाजूने होतं."

"हं. म्हैस आणि पाणी. संबंध आहेच," असं म्हणून त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. फिजिक्सच्या बाईंना खोकला आला म्हणून त्या बाहेर गेल्या, त्या आल्याच नाहीत.

कमिटी गेली त्या संध्याकाळी मी घरी बसून एकेक निबंध काढला. मासे गेले, पूल गेले, कांदे गेले. म्हशी काढताना थोडं वाईट वाटलं. किडनी शेवटी काढली. आकडा खाली आला तो माझ्या खऱ्या उंचीवर. मला हलकं वाटलं. मी जेवलो आणि झोपलो. आता यापुढचा मूर्खपणा बघा : बाबा सकाळी ते पान उघडणार हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सकाळी फोन आला. "अरे, तुझं काहीतरी झालंय रे. सगळं गेलं. बाजार पडला की काय?"

मी कॉलेजला रजा टाकली आणि कोपरीला गेलो.

बाबा खाटेवर बसले होते, मांडीवर फोन. आई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी सगळं सांगितलं. बटण, चहा, प्राचार्य, उंदीर, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. सांगून झालं तेव्हा आतला कणीक मळण्याचा आवाजही थांबलेला होता.

त्यांनी चष्मा मागितला. फोन डोळ्यांजवळ धरून उरलेली चार-पाच नावं वाचली.

"हे चिंचोक्याचं तुझं?"

"हो."

"नक्की? की हेही कुणाचं आलंय?"

"माझंच."

"यातला लाल आमच्याकडे व्हायचा." त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं, जणू रंग हाताला लागेल. मग म्हणाले, "माझं अक्षर कुठंय?"

मला कळलं नाही.

"तुझं अक्षर आहे, आडनाव आहे. मधलं माझं कुठंय? शाळेच्या दाखल्यावर आहे, रेशनकार्डावर आहे. तुझ्या लग्नपत्रिकेत तर माझं पूर्ण नाव होतं. इथे का नाही?"

मी म्हटलं, गाईड म्हणाले होते, लांब नाव परदेशी लोक नीट छापत नाहीत. शिवाय सुटसुटीत दिसतं. शिवाय... शिवायच्या पुढे काही नव्हतं. तेव्हा ते जरा इंटरनॅशनल वाटलेलं, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते दिसत होतंच.

"म्हणजे मला काढलंस आणि दार उघडं राहिलं," ते म्हणाले. "एक अक्षर ठेवलं असतंस तर म्हशी तरी आत शिरल्या नसत्या."

आतून आई हसली. बाबाही हसले, आणि हसता हसता त्यांना धाप लागली. मी पाठ चोळली. हाडं हाताला लागत होती. धाप बसल्यावर त्यांनी विचारलं, आवाज न चढवता,

"मग चालू ठेव म्हणालास, ते कशाच्या आधारावर?"

"कशाच्याच नाही."

"मग?"

"मला तुम्ही हवे होतात, बाबा."

त्यांनी चष्मा काढला. "एवढं बोलायला तुला उंदीर कशाला लागले रे?"

मी खाली बघितलं. फरशीवर त्यांच्या जुन्या कारखान्याच्या रंगाचा एक डाग होता. आईने तो घासायचा कधीच सोडून दिला होता. रंग काढण्यात मी डॉक्टरेट घेतलीय, पण तो काढायचं मला कधी सुचलं नाही.

"हे तेव्हा बोलला असतास," बाबा म्हणाले, "तरी मी चालू ठेवलं असतं. कदाचित. निदान कुणासाठी सहन करतोय ते कळलं असतं. मी आपलं शास्त्रासाठी करत होतो."

त्यानंतर ते आणखी काही आठवडे जात राहिले. मी विचारलं नाही, त्यांनीही मला विचारलं नाही. मग एक दिवस त्यांनी डॉक्टरशी स्वतः बोलून घेतलं. आई होती, मी होतो. त्या तरुण डॉक्टरने सगळं समजावून सांगितलं, घाई न करता, आणि मध्ये एकदा सवयीने माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, तुमचं मत?" बाबा म्हणाले, "त्याला नका विचारू. तो चिंचोक्यातला आहे."

घरी आल्यावर आईने तो स्टीलचा पेला मांडणीवर पालथा घातला आणि तांब्या भरून आणला. बाबांनी तो दोन्ही हातांत धरला. सुरुवातीला घोट घेऊन तोंडात घोळवला, जुन्या सवयीने. मग लक्षात आलं आणि प्यायले. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून बनियनवर ओघळलं. कुणी पुसलं नाही. आई त्यांच्याकडे बघत उभी होती, पदर तोंडाला लावून.

"गार आहे," ते म्हणाले.

ते गेले तेव्हा त्रास झाला नाही असं सगळ्यांना सांगितलं जातं. थोडा झाला. पण रात्री पायात गोळे आले नाहीत, ते मला माहीत आहे, कारण पाय माझ्या मांडीवर होते.

या वर्षी माझा आणखी एक निबंध छापून आला. चिंचोकेच. नाव लिहायच्या जागी मी माझं अक्षर घातलं, मध्ये बाबांचं घातलं, मग आडनाव. आठवड्याभराने साइट बघितली तर तिने मला ओळखलंच नव्हतं. दोन आद्याक्षरांचा कुणी नवीनच माणूस आहे असं समजून तिने त्याला वेगळं पान काढून दिलेलं. त्या माणसाच्या नावावर एकच निबंध, उल्लेख शून्य. जुन्या पानाशी जोडायचं का, असं खाली विचारलं होतं. मी या वेळी वाचलं. पूर्ण वाचलं. आणि नाही म्हटलं. त्या नव्या माणसाला मासे, म्हशी कुणीच शिवलेलं नव्हतं.

रविवारी कोपरीला गेलो तेव्हा ते आईला दाखवलं. ती शेंगा सोलत बसली होती. तिने हात पुसले, फोन घेतला, लांब धरला. मधल्या अक्षरावर मी बोट ठेवलं. ती बघत राहिली. मला वाटलं, आता डोळे पुसेल. मीही तयारीत होतो.

"हे कोण कोण वाचतं?" तिने विचारलं.

"फारसं कुणी नाही. वाचतील चार-पाच जण. एक ब्राझीलमधला आहे."

तिने फोन माझ्या हातात दिला आणि पुन्हा शेंग उचलली.

"ते होते तेव्हा घातलं असतंस, तर रोज सकाळी आंघोळ करून वाचणारा एक तरी नक्की होता."